यजमान शहर: काटकसर आणि गाठीची शिल्लक

३० ऑक्टोबर २०१९. चिलीचे राष्ट्राध्यक्ष सेबास्टियन पिन्येरा यांनी जाहीर केलं की संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद सँटियागोमध्ये घेणं आता शक्य नाही. शहरात आंदोलन पेटलं होतं, मेट्रोची स्थानकं जळाली होती, आणि परिषद तेहतीस दिवसांवर आली होती. जगभरातून येणाऱ्या हजारो माणसांची तिकिटं, खोल्या, व्हिसा सगळं सँटियागोच्या नावावर झालेलं. दोन-तीन दिवसांत पर्याय ठरला: माद्रिद. तारखासुद्धा हलल्या नाहीत. २ डिसेंबरला ठरल्याप्रमाणे परिषद सुरू झाली. अध्यक्षपद चिलीकडेच राहिलं, जागा मात्र अटलांटिकच्या पलीकडे गेली.

माद्रिदने हे कसं जमवलं? उत्तर तसं साधं आहे. इफेमा हे अवाढव्य प्रदर्शन संकुल आधीपासून उभं होतं. त्याच्या दाराशी मेट्रोचं स्टेशन होतं, आणि तीच आठ नंबरची लाईन पुढे विमानतळाला जाते. हॉटेलांत खोल्या होत्या, सुरक्षा यंत्रणेला गर्दीची सवय होती. म्हणजे महिन्याभरात नव्याने उभं करायचं होतं ते थोडंच. बाकीचं शहर रोज वापरतच होतं.

परिषदांसाठी शहरांमध्ये मोठी चुरस असते. शेकडो, कधी हजारो पाहुणे चार-पाच दिवस राहतात, खर्च करतात, आणि शहराचं नाव जगभर पोहोचतं. म्हणून प्रत्येक शहर स्वतःचं माहितीपत्रक सजवतं आणि त्यात हल्ली दोन शब्द हमखास सापडतात: 'सस्टेनेबल' आणि 'रेझिलियंट'. पहिल्याला आपण शाश्वत म्हणतो, दुसऱ्याला कधी लवचिक, कधी आपत्तीसक्षम. मला ही भाषांतरं फारशी पटत नाहीत. शाश्वत म्हणजे कायमचं टिकणारं, आणि असं शहर अजून कुणी बांधलेलं नाही. लवचिक म्हटलं की वाकणारं काहीतरी डोळ्यांसमोर येतं, पण पुराच्या पाण्यापुढे वाकून भागत नाही. घरातल्या बोलण्यात याहून नेमके शब्द आहेत. सस्टेनेबल शहर म्हणजे पुरवून वापरणारं शहर. पाणी, वीज, जमीन, हवा हे सगळं उद्याच्या माणसांनाही उरेल अशा बेताने वापरणारं. रेझिलियंट शहर म्हणजे तग धरणारं आणि पडलंच तर लवकर सावरणारं.

यातला 'सावरणारं' हा भाग लोक विसरतात. धक्का बसूच नये याची हमी कुणीच देऊ शकत नाही. म्हणून शहराची पारख करताना बघायचं ते असं: धक्का बसल्यावर कोणती कामं चालू राहिली, बंद पडलेली किती वेळात सुरू झाली, आणि पुढच्या खेपेला तोच धक्का कमी लागेल अशी काही सोय झाली का. २० मार्च २०२५ ला रात्री उशिरा लंडनजवळच्या एका वीज उपकेंद्रात आग लागली आणि दुसऱ्या दिवशी तिथला हीथ्रो विमानतळ जवळजवळ दिवसभर बंद राहिला. तेराशेच्या आसपास विमानफेऱ्यांवर परिणाम झाला. गंमत अशी की विमानतळाला वीज देणारी दुसरी उपकेंद्रंही होती. वीज होती, पण तिच्याकडे वळायचं तर आतली सगळी जोडणी बदलून यंत्रणा एकेक करून पुन्हा सुरू करायला तास न् तास लागणार होते. पर्याय असणं आणि तो हाताशी असणं यात हा एवढा फरक असतो. परिषदेसाठी शहर निवडणाऱ्याने 'तुमच्याकडे जनरेटर आहे का' एवढंच विचारून थांबू नये. 'तो शेवटचा कधी चालवून पाहिला आणि चालू व्हायला किती वेळ लागला' हेही विचारावं.

आता खरी गोम. हे दोन गुण एकाच माळेत ओवले जातात खरे, पण त्यांचं एकमेकांशी फारसं पटत नाही. पुरवून वापरणाऱ्याला जास्तीचं काही नको असतं. रिकामी खोली, न वापरलेली वाहिनी, वर्षातून दोनदा चालणारा पंप ही त्याच्या लेखी उधळपट्टी. तग धरणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं, कारण संकटात जास्तीचंच कामाला येतं. घर चालवणाऱ्या कुणालाही ही ओढाताण नवी नाही: एका बाजूला काटकसर, दुसऱ्या बाजूला अडीअडचणीसाठी गाठीला बांधून ठेवलेली शिल्लक. शहराच्या पातळीवर हाच झगडा डिझेल जनरेटर, पाण्याच्या साठवण टाक्या आणि हॉटेलच्या रिकाम्या खोल्यांवरून होतो. माहितीपत्रकांत याबद्दल एक ओळ नसते.

सुटका बहुतेक वेळा एकाच वाटेने होते. जास्तीचं जे ठेवायचं, त्याला रोजचं काहीतरी काम द्यायचं.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा बराचसा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, त्यामुळे मुसळधार पावसाचं पाणी ठेवायचं कुठे हा तिथला जुना प्रश्न. २०१३ मध्ये त्यांनी बेन्थमप्लाइन नावाचा चौक तयार केला. कोरड्या दिवशी तिथे पोरं बास्केटबॉल खेळतात, स्केटिंग करतात, पायऱ्यांवर बसून गप्पा मारतात. पाऊस कोसळला की खोलगट भाग तळ्यासारखे भरतात आणि साधारण १७ लाख लिटर पाणी तिथे थांबतं. गटारांवरचा ताण ओसरला की ते हळूहळू सोडलं जातं. त्याच शहरात म्युझियमपार्कच्या भूमिगत वाहनतळाच्या पोटात एक कोटी लिटरची टाकी आहे. (गाड्या बुडत नाहीत, टाकी वेगळी आहे.) पुराच्या पाण्यासाठी राखून ठेवलेली जागा आणि लोकांची वावरायची जागा अशी एकच झाली की तिचा खर्च कुणाला डोईजड वाटत नाही.

परिषदेचं सभागृहसुद्धा असं दुहेरी कामाचं असू शकतं. माद्रिदचं तेच इफेमा संकुल घ्या. डिसेंबर २०१९ मध्ये तिथे हवामानावर वाटाघाटी झाल्या. मार्च २०२० मध्ये कोविडची लाट आली तेव्हा काही दिवसांत तिथे हजाराहून जास्त खाटांचं रुग्णालय उभं राहिलं. उंच छत, सपाट मोकळी जमीन, भरपूर वीज आणि पाणी, ट्रक थेट आत येतील एवढे दरवाजे: प्रदर्शनासाठी जे लागतं, तेच रुग्णालयाच्या कामी आलं. न्यूयॉर्कचं जाव्हिट्स सेंटर आणि लंडनचं एक्सेल या प्रदर्शन केंद्रांनाही त्याच काळात हे रूप घ्यावं लागलं.

पण नुसती इमारत पुरत नाही, हे न्यू ऑर्लीन्सने आधीच दाखवलं होतं. २९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना वादळ आलं, बंधारे फुटले, आणि हजारो माणसं आसऱ्यासाठी तिथल्या परिषद केंद्रात जमली. इमारत उंच जागेवर होती आणि मजबूतही होती. मात्र ती अधिकृत आसरा म्हणून कुणाच्या योजनेत नव्हती. त्यामुळे तिथे ना अन्न साठवलेलं, ना पाणी, ना डॉक्टर. माणसांनी कित्येक दिवस भयानक हाल सोसले. छत, जमीन, दरवाजे जवळपास माद्रिदसारखेच. ते केंद्र संकटात कुणी, कशासाठी, किती वाजता उघडायचं हे कागदावर नव्हतं, एवढाच फरक.

त्याच केंद्रात पुढच्या वर्षी, जून २००६ मध्ये, अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचं वार्षिक अधिवेशन भरलं. वादळानंतरची तिथली ही पहिली मोठी परिषद. जागा बदलावी असं अनेकांना वाटत होतं, पण ग्रंथपाल आले, आणि शेकडोंनी अधिवेशनाच्या जोडीला शहरातली मोडकळलेली ग्रंथालयं लावायला हात दिला. परिषदेने शहराला काय दिलं, या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर फार क्वचित मिळतं.

पाहुण्यांचा भार शहरावर कसा पडतो, हे समजून घ्यायला खाटांपासून सुरुवात करावी. २०२५ ची हवामान परिषद ब्राझीलने बेलेंमध्ये भरवली. ॲमेझॉनच्या मुखाशी वसलेलं हे शहर निवडण्यामागे हेतू होता: जंगलाबद्दल बोलणाऱ्यांनी जंगलाच्या काठाशी येऊन बोलावं. हा युक्तिवाद मला पटतो. पण हजारो माणसं उतरवायला शहरात खोल्या नव्हत्या, होत्या त्यांचे दर आभाळाला भिडले, आणि गरीब देशांची शिष्टमंडळं अडचणीत आली. शेवटी दोन मोठी पर्यटक जहाजं आणून नांगरली आणि त्यांत हजारो खाटांची सोय केली. राष्ट्रप्रमुखांची बैठक मुख्य परिषदेच्या काही दिवस आधीच उरकून गर्दी विभागली. हेही सावरणंच म्हणायचं. पण जहाजाची इंजिनं चालू ठेवून मिळवलेली खोली आणि शहरात आधीच असलेली खोली यांचा पर्यावरणाचा हिशेब एक नाही. दोन आठवड्यांसाठी नवी हॉटेलं बांधणं त्याहून वाईट, कारण ती पुढची कित्येक वर्षं ओस पडण्याचा धोका असतो. म्हणजे घास किती मोठा घ्यायचा, हे ठरवण्यातच निम्मं काम झालेलं असतं. कोपनहेगनला २००९ च्या हवामान परिषदेत हे महागात पडलं. परिषदेची जागा असलेल्या बेला सेंटरची क्षमता १५ हजारांची आणि नावनोंदणी त्याच्या जवळजवळ तिप्पट. नोंदणी असलेली माणसं डिसेंबरच्या थंडीत तासन् तास बाहेर रांगेत उभी राहिली.

पाण्याचं गणित याहून नाजूक. केपटाउनमध्ये तीन वर्षं पाऊस अपुरा पडला आणि १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा आली. नळ बंद करून ठरावीक ठिकाणी माणशी २५ लिटर पाणी वाटायचं, अशा 'डे झीरो'ची तयारी सुरू होती. मोठ्या हॉटेलात एक पाहुणा एरवी दिवसाला शेकडो लिटर पाणी सहज वापरतो. शेजारच्या वस्तीत बाई बादली मोजून पाणी वापरत असताना पाहुण्याच्या टबात पाणी सोडायचं कसं? तिथल्या हॉटेलांनी टबाची बुचं काढून ठेवली. उपाय साधा, पण त्याने पाहुण्यालाही त्याच हिशेबात बसवलं. तो दिवस अखेर टळला. पाऊस आला हे एक कारण, आणि लोकांनी वापर निम्म्याच्या आसपास आणला हे दुसरं.

इमारतींबद्दल थोडक्यात. व्हँकुव्हरच्या परिषद केंद्राच्या २००९ मध्ये पूर्ण झालेल्या पश्चिम भागावर सहा एकरांचं हिरवं छत आहे. त्यावर स्थानिक वनस्पती आहेत, मधमाश्यांच्या पेट्या आहेत. सांडपाणी तिथेच शुद्ध करून शौचालयांना आणि छताला वापरतात, आणि गरम-थंड करायला समुद्राच्या पाण्याची मदत घेतात. अशा इमारती आता बऱ्याच ठिकाणी आहेत आणि त्या चांगल्याच आहेत. फक्त परिषदेच्या एकूण हिशेबात त्यांचा वाटा लहान आहे.

कारण मोठा वाटा विमानांचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डिसेंबर २०१९ ला अमेरिकन जिओफिजिकल युनियन या भूशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अधिवेशनाला २८ हजारांच्या आसपास शास्त्रज्ञ आले. त्यांच्या जाण्यायेण्याचं अंतर एकत्र मोजलं तर २८ कोटी किलोमीटरच्या वर भरतं, म्हणजे पृथ्वी ते सूर्य या अंतराच्या जवळजवळ दुप्पट. त्यातून सुमारे ८० हजार टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन झालं, माणशी जवळपास तीन टन. त्यातही आठ हजार किलोमीटरहून लांबून आलेले एक तृतीयांशाहून थोडे जास्त लोक, पण उत्सर्जनातला त्यांचा वाटा तीन चतुर्थांशांच्या आसपास. हेच अधिवेशन शिकागोला घेतलं असतं तर जागा मध्यावर असल्याने उत्सर्जन साधारण १२ टक्क्यांनी घटलं असतं. शिकागोची हवा जास्त हिरवी म्हणून नव्हे, केवळ ते नकाशावर मध्ये आहे म्हणून.

यजमान शहराला ही गोष्ट जरा झोंबणारी आहे. त्याने कागदी कप बंद केले, बस विजेवर नेल्या, जेवणात मांस कमी केलं, तरी हिशेबातला मोठा आकडा त्याच्या हद्दीबाहेर, दहा हजार मीटर उंचीवर तयार होतो. मग त्याच्या हातात काही नाहीच का? आहे. रेल्वेने किती देशांतून येता येतं, यावर बराच फरक पडतो. (एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचं आकाश जवळजवळ आठवडाभर बंद पडलं, तेव्हा रेल्वेच्या गावांतल्या बैठका निदान अर्धवट का होईना पार पडू शकल्या असतील. पुरवून वापरणं आणि तग धरणं यांचं जिथे खरंच जमतं, अशा मोजक्या जागांपैकी रेल्वे ही एक.) दुसरं, एकाच शहराऐवजी दोन-तीन खंडांत केंद्रं ठेवून ती पडद्यावर जोडता येतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार परिषद पूर्ण ऑनलाइन नेली तर कार्बनचा भार ९४ टक्क्यांनी कमी होतो. केंद्रं नीट निवडून निम्म्याहून जास्त लोक प्रत्यक्ष आले, तरी तो दोन तृतीयांशांनी उतरतो. अशा मांडणीत शहराने 'सगळे इथेच या' हा हट्ट सोडून एका केंद्राचं यजमानपद घ्यायचं. किती शहरांना हे रुचेल, सांगता येत नाही. चुरस अजूनही डोकी मोजून होते.

शिक्क्यांबद्दल एक सावधगिरी. आयएसओ २०१२१ हे कार्यक्रमांच्या शाश्वत व्यवस्थापनाचं मानक २०१२ मध्ये, लंडन ऑलिम्पिकच्या निमित्ताने आलं. ते मिळालं म्हणजे कार्यक्रम प्रदूषणमुक्त झाला असा अर्थ होत नाही. ते तपासतं की तुम्ही परिणाम मोजता का, जबाबदारी कुणावर आहे हे लिहिलेलं आहे का, आणि दर खेपेला सुधारणा होते का. शहरांची क्रमवारी लावणारा ग्लोबल डेस्टिनेशन सस्टेनेबिलिटी इंडेक्सही आहे. तो पर्यावरण, समाज, हॉटेलांसारखे पुरवठादार आणि पर्यटन चालवणारी संस्था असे चार भाग बघतो. स्वीडनचं गोथेनबर्ग त्यात बरीच वर्षं पहिलं होतं. असे निर्देशांक काटकसर बऱ्यापैकी मोजतात, पण गाठीची शिल्लक त्यांना फारशी दिसत नाही. ती दिसते धक्का बसल्यावरच.

म्हणूनच आपत्तीवरच्या मोठ्या जागतिक परिषदा कुठे झाल्या, ते बघण्यासारखं आहे. २००५ ची जपानमधल्या कोबेला, १९९५ च्या भूकंपाला दहा वर्षं झाल्यावर. त्या भूकंपात सहा हजारांहून जास्त माणसं गेली होती. २०१५ ची जपानमधल्याच सेंदाईला, २०११ च्या त्सुनामीनंतर चारच वर्षांनी, आणि आपत्तीचा धोका कमी करण्याचा जागतिक आराखडा आज त्याच शहराच्या नावाने ओळखला जातो. या शहरांकडे दाखवायला काही होतं, आणि लपवता न येण्याजोगंही होतं. कोबे सावरलं, पण त्याचं बंदर भूकंपाआधी जगातल्या आघाडीच्या कंटेनर बंदरांत होतं, ते स्थान त्याला परत मिळालं नाही. जहाजं दुसरीकडे वळली ती वळलीच. सेंदाईच्या किनाऱ्यावर अराहामाची प्राथमिक शाळा आहे. तिच्या गच्चीवर त्या दिवशी ३२० जणांचे जीव वाचले, आणि २०१७ पासून ती इमारत आहे तशी बघायला खुली आहे.

शेवटी बॉन, पूर्वीच्या पश्चिम जर्मनीची राजधानी. १९९१ मध्ये जर्मन संसदेने थोड्या मतांच्या फरकाने संसद आणि सरकारचं ठाणं बॉनमधून बर्लिनला न्यायचं ठरवलं. गंमत म्हणजे संसदेचं नवं सभागृह बॉनमध्ये त्यानंतर, १९९२ मध्ये, पूर्ण झालं. हा धक्का पाण्याचा किंवा भूकंपाचा नव्हता, पोटापाण्याचा होता. शहराने तो वेगळ्या तऱ्हेने पचवला. १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं हवामान सचिवालय तिथे आलं, मागोमाग इतर संस्था आल्या, आणि खासदारांसाठी बांधलेलं ते सभागृह आज परिषद केंद्राचा भाग आहे. २०१७ मध्ये हवामान परिषदेचं अध्यक्षपद फिजीकडे होतं, पण एवढी माणसं त्या बेटांवर मावली नसती, म्हणून ती बॉनमध्ये भरली.

आणि याच बॉनपासून पंचवीसेक किलोमीटरवर, १४ जुलै २०२१ च्या रात्री, आर नदीच्या दरीत पूर आला. १३० हून अधिक माणसं गेली. युरोपच्या पूर-इशारा यंत्रणेने आधीच्या दिवसांत धोक्याची सूचना दिली होती, पण ती घराघरांत वेळेवर पोहोचली नाही. त्यानंतर जर्मनीने फोनवर इशारा पाठवण्याची नवी पद्धत आणली आणि फेब्रुवारी २०२३ पासून ती चालू आहे. तिच्यात ॲप घ्यावं लागत नाही, नंबर नोंदवावा लागत नाही. धोक्याच्या भागातल्या मोबाइल टॉवरशी जोडलेला जवळजवळ प्रत्येक नवा फोन एकदमच कर्कश वाजतो. दरीत राहणाऱ्या आजोबांचा वाजतो, आणि परिषदेचा बिल्ला गळ्यात अडकवून आदल्या रात्री उतरलेल्या पाहुण्याचाही.